घाटमाथ्यावर खोरं कड्याशीच का तुटतं, आणि दरड पदरातल्या वाडीवरच का येते?

चाफा

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांची क्षेत्रभेट आखतेय, लोणावळा ते नाणेघाट या पट्ट्यात. 'नद्या डोंगर झिजवतात' हे वाक्य मुलांना पाठ आहे, पण जागेवर उभं राहिलं की दोन गोष्टी त्या वाक्याने उलगडत नाहीत.

पहिली गोष्ट. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते. उगमाशी नदी म्हणजे अरुंद, खडकाळ ओहोळ असायला हवा. इथे तर खोरं पहिल्यापासूनच ऐसपैस, सपाट, भातखाचरांचं. आणि पश्चिमेला थोडं चालत गेलं की जमीनच संपते, खाली कोकणातली खोल दरी. नाणेघाटातही तेच. कुकडीच्या बाजूने जमीन रमतगमत चढत येते आणि कड्याशी कापल्यासारखी तुटते.

दुसरी गोष्ट. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३). डोंगर एवढा मोठा, मग दरड नेमकी वस्तीवरच का? ही डोंगराची नेहमीची झीज समजायची की माणसाने केलेली तोडफोड?

मुलांना हाताने मोजता येईल, डोळ्यांनी ओळखता येईल असं काही सांगा.

---

काळा_कातळ

चाफाताई, नदीकडे वळण्याआधी खडक बघा. पाण्याला कुठे जोर चालतो आणि कुठे नाही, हे इथे थरांवर ठरतं.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि त्याचे जवळजवळ आडवे थर बसले. काही थर जाड आणि घट्ट असतात. काळा पाषाण, त्यात उभ्या सांध्यांच्या चिरा. काही थरांत, आणि बहुतेक थरांच्या माथ्याकडे, वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिलेल्या असतात. त्यांत पुढे झिओलाइट या खनिजाचे पांढरे खडे भरले. दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी लाल, चिकण पट्टा दिसतो. खालच्या थराच्या माथ्याची माती होत असताना वरून पुढचा लाव्हा आला आणि ती भाजली गेली, तो हा पट्टा. जाडी वीतभर ते पुरुषभर.

घट्ट थर सहज झिजत नाही, पण त्याच्या उभ्या चिरांत पाणी शिरतं. पोकळ्यांचा थर आणि लाल पट्टा मात्र भुसभुशीत होऊन आतल्या बाजूला खात जातात. खालचा आधार गेला की वरचा काळा पाषाण चिरांवरून उभाच्या उभा सुटून पडतो. म्हणून कडा उभा राहतो आणि पुढचा ठोकळा पडल्यावरही उभाच राहतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पोटात आत गेलेला आहे, तो याच कारणाने. वरचा भाग पुढे झुकलेला, मधला खाल्लेला.

मऊ थर जिथे असतो तिथे उतार सैल होतो. त्यालाच आपण पदर म्हणतो. गडाखालची झाडी, गुरं चारायची जागा, भाताची चिंचोळी खाचरं, सगळं पदरात. कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. राजमाचीहून समोरचा डोंगर दाखवून मुलांना पायऱ्या मोजायला सांगा. भूशास्त्रात या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय.

एक गोष्ट हाताने दाखवा. रस्त्यासाठी जुना उतार कापलेला असतो तिथे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे पिवळट मुरमात रुतलेले दिसतात. पापुद्रा नखाने निघतो आणि गाभा हातोडीला दाद देत नाही. एकाच खडकाची कुजलेली साल आणि शाबूत गर एका जागी दिसतात. फक्त ही जागा पावसाळ्यात दाखवू नका. भोवतीचा मुरूम धुपला की ते गोळे सुटून थेट रस्त्यावर येतात.

---

पाणलोट

आता नदी. कातळभाऊंनी पायऱ्या सांगितल्या. त्या पायऱ्या पश्चिमेकडून कोण खातंय ते बघा.

महाबळेश्वर घ्या, हिशोब स्वच्छ होतो. कृष्णा आणि सावित्री एकाच डोंगरावरून निघतात. सावित्री पश्चिमेला उतरून महाडला पोचते तेव्हा ती भरतीच्या पाण्याच्या टप्प्यात आलेली असते. म्हणजे सरळ रेषेत तीसेक किलोमीटरमध्ये १३०० मीटरच्या आसपास उतार. कृष्णेलाही समुद्र गाठायचाच आहे, पण तिला त्यासाठी सुमारे १४०० किलोमीटर मिळालेत. वाईपर्यंत ती सहाशेएक मीटर उतरते आणि मग थंडावते. वाई ते सांगली एवढ्या लांब पल्ल्यात उतार जेमतेम १७० मीटर.

नदीची कापायची ताकद पाणी गुणिले उतार अशी असते. पाऊस घाटमाथ्यावर सर्वांत जास्त, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि पुढे वाईपर्यंत तो झपाट्याने घटतो. म्हणजे पश्चिमेच्या ओढ्यांकडे उतारही जास्त आणि पाणीही. शिवाय वेग दुप्पट झाला की पाणी वाहून नेऊ शकेल अशा दगडाचं वजन दुप्पट होत नाही, ते ६४ पटींपर्यंत जातं. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या कोकणातल्या ओढ्यात म्हशीएवढे धोंडे दिसतात, त्यांचं उत्तर यात आहे.

हे ओढे फक्त खाली कापत नाहीत, उगमाकडे मागेही खातात. धबधब्याच्या पायथ्याशी मऊ थर पोखरला जातो, वरचा ओठ तुटतो आणि धबधबा काही हात मागे सरकतो. कातळात उभी भेग असेल तर त्या रेषेत ओढा झपाट्याने शिरतो आणि नाळ तयार होते. ट्रेकवाले ज्या नाळेतून वर चढतात ती म्हणजे कड्यात घुसलेली नदीची करवत.

अशी करवत माथा ओलांडून पलीकडे पोचली की पूर्वेच्या नदीचं डोकंच कापलं जातं. तुमच्या इंद्रायणीचं हेच झालेलं आहे. ते रुंद, सपाट खोरं खरं तर मोठ्या नदीचा मधला भाग. वरचा भाग होता तिथे आता कोकणातल्या दरीवरची हवा आहे. नाणेघाटातही तसंच. अशा तुटक्या तोंडाच्या खोऱ्यात नदी खोऱ्याच्या मानाने किरकोळ वाटते, ही मोठी खूण. बापाचा सदरा घातलेल्या पोरासारखी.

मुलांकडून करून घ्यायचं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा घ्या. समोच्च रेषा २० मीटरवर असतात. कुरवंड्याजवळ माथ्यापासून पश्चिमेला दोन किलोमीटर आणि पूर्वेला दोन किलोमीटर अशी एक सरळ रेष मारा आणि दोन्हीकडे किती रेषा कापल्या ते मोजा. रेषा एकमेकींना चिकटल्या तर कडा, मधेच फाकल्या तर पदर. मग आलेखाच्या कागदावर छेद काढा. आडवं आणि उभं प्रमाण एकच ठेवा. उभं प्रमाण पाचपट ताणलं की सगळेच डोंगर सुळक्यासारखे दिसतात आणि मुलं उताराचा कोन चुकीचा वाचतात. संगणकावर गुगल अर्थमध्ये रेष आखून उंचीचा आलेख काढला तर तो आपोआप ताणलेला येतो, हेही सांगून ठेवा.

परतीच्या वाटेवर वेळ असेल तर निघोजला कुकडीचे रांजणखळगे दाखवाच. भोवऱ्यात अडकलेले दगड गरगरून कातळाला भोक पाडतात आणि स्वतःही गोटीसारखे होतात. तळात हात घातला तर ती हत्यारं अजून सापडतात. पाणी एकटं कातळ कापत नाही, दगडांकडून कापून घेतं, हे तिथे एका मिनिटात पटतं. फक्त वरच्या धरणातून पाणी सोडलेलं असेल त्या दिवशी काठावरूनच बघा.

---

शिलाहार

पाणलोट, बाकी सगळं मान्य. पण मुलांना 'कडा किनाऱ्यापासून झिजत झिजत इथवर आला' इतकं सरळ सांगू नका.

पश्चिम किनारा हा भूखंड फाटून झालेला काठ आहे. लाव्हा वाहिल्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे भूशास्त्राच्या हिशोबाने थोड्या काळात, सेशेल्स बेटांचा तुकडा इथून सुटला. पनवेलच्या पट्ट्यात लाव्ह्याचे थर आडवे नाहीत, समुद्राकडे कललेले आहेत. म्हणजे कोकण आणि घाटमाथा यांच्या उंचीतला काही फरक जमीन वाकल्यामुळे आलाय, नदीने कोरल्यामुळे नाही.

मागे सरकणं खरं आहे, आणि त्याचा पुरावा माथेरान, प्रबळगड, मलंगगड हे सुटे डोंगर. मूळ रांगेपासून तुटून कोकणात एकटे उरलेले. त्यांचे थर समोरच्या घाटाशी जुळतात. वेगाचा वरचा अंदाज बांधायचा तर कडा किनाऱ्यावर सुरू झाला आणि सहा कोटी वर्षांत ५० किलोमीटर मागे आला असं धरा. ५० किलोमीटर म्हणजे ५ कोटी मिलिमीटर. वर्षाला एक मिलिमीटरही भरत नाही. नाळ असेल तिथे यापेक्षा वेगाने, सोंड, म्हणजे डोंगराची पुढे आलेली धार, असेल तिथे फार हळू. एका पावसाळ्यात पडलेली दरड दाखवून 'बघा, सह्याद्री मागे सरकला' म्हणणं त्यामुळे चुकीचं ठरतं.

पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वर आणि कास यांच्या माथ्यावरची जांभ्याची टोपीही नजरेआड करू नका. १२०० ते १४०० मीटरच्या पट्ट्यातल्या या सपाट टोप्या मनात जोडल्या की जुनी जमीन दिसते. मधली सगळी खोरी त्यातून वजा झालेली माती आहे.

---

मुरूम

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. यात जीव गुंतलेले आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वाडी पदरात का बसते? मऊ थर कुजून जाड माती होते, उतार सैल असतो आणि भात पिकतो. वरच्या काळ्या पाषाणातल्या चिरांमधून मुरलेलं पाणी लाल पट्ट्याशी किंवा घट्ट कातळाशी अडतं आणि झरा होऊन बाहेर येतं. माती आणि पाणी दोन्ही हाताशी, म्हणून शेकडो वर्षं माणूस तिथे राहतोय. आणि दरडीलाही याच दोन गोष्टी लागतात. जाड माती, खाली पाणी अडवणारा थर. बऱ्याच ठिकाणी पदर म्हणजे कड्यावरून पूर्वी आलेल्या ढिगाऱ्याचाच साठा असतो. मोठाले टोकदार धोंडे मातीत वेडेवाकडे रुतलेले दिसले तर ती जुनी दरड समजा. नदीने आणलेले दगड गोल असतात.

आता माती सुटते कशी? माती उतारावर टिकते ती कणाकणांतल्या घर्षणावर आणि थोड्या चिकटपणावर. पाऊस मुरत जातो तसं खालच्या कातळावर पाणी साठतं आणि मातीचं ओझं आतून उचलून धरतं. कण एकमेकांवर दाबले जात नाहीत, म्हणून घर्षण घटतं. वजन मात्र वाढलेलंच असतं. नुसत्या घर्षणावर उभी असलेली माती कोरडी असताना ३५ अंशांच्या उतारावर टिकत असेल, तर पाण्याने पूर्ण भरून ते पाणी उतारालगत वाहू लागल्यावर तीच माती १८-१९ अंशांवरही सुटू शकते. डोळ्यांना सैल वाटणारा उतार म्हणूनच फसवतो.

शाळेत करून बघा. ६० सेंटिमीटर लांबीची प्लायची फळी, दोन्ही बाजूंना कड, खालच्या टोकाला जाळी. फळीवर आधी डिंकाने वाळू चिकटवून सुकवा. हे विसरलात तर वाळू गुळगुळीत प्लायवरून घसरेल आणि आकडा खोटा येईल. वर पाच सेंटिमीटर वाळूचा थर पसरून वरचं टोक हळूहळू उचला. कोरडी वाळू टोक ३३-३४ सेंटिमीटर वर गेल्यावर सुटेल, म्हणजे सुमारे ३४ अंश. दुसऱ्या वेळी वाळू नुसती ओलसर करा. ती याहून उंच टिकेल, कारण ओलसर कण एकमेकांना ओढून धरतात. तिसऱ्या वेळी वरच्या टोकाला भिजलेलं गोणपाट ठेवून त्यातून पाणी सावकाश झिरपू द्या, जाळीतून पाणी बाहेर येऊ लागलं की मग उचला. आता २० सेंटिमीटरच्या आसपासच सगळा थर एकदम बसेल. घाईने मगाने पाणी ओतलं तर दरड न होता घळी पडतात. तीही धूपच, पण वेगळी.

यातूनच कळतं की जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सहसा मोठी दरड का येत नाही आणि जुलैच्या उत्तरार्धात का येते. आधीच्या आठवड्यांत माती भिजून तयार असते, मग एक-दोन दिवसांचा जबर पाऊस काम पूर्ण करतो. हवामान खातं २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. एका हेक्टरवर हे ५९ लाख लिटरहून जास्त पाणी होतं.

सुटलेला भाग दिसायला लहान असतो. १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद, ३ मीटर जाड म्हणजे १५,००० घनमीटर, दहा घनमीटरचे दीड हजार डंपर. पाण्यात कालवलेलं हे सगळं ओढ्याच्या वाटेने येतं आणि वाटेतली माती, झाडं, धोंडे घेत वाढत जातं.

नैसर्गिक की माणसाने केलेली? उतार, थर, पाऊस डोंगराचे. पण पायथा उभा कापून रस्ता काढणं, उतारावर यंत्राने सपाटीकरण करणं, ओढ्याची वाट भरावाने बुजवणं यामुळे कधीतरी सुटणारी माती याच पावसात सुटते. माळीणनंतर वरच्या उतारावरच्या सपाटीकरणाची चर्चा झाली ती याचमुळे.

---

गंगोत्रीकाठ

एक भर. दरड नदीत पडली की गोष्ट तिथे संपत नाही. गढवालमध्ये सप्टेंबर १८९३ मध्ये बिरही गंगेत डोंगर कोसळून गोहना ताल तयार झालं. अभियंत्यांनी पाणी कधी ओसंडेल याचा अंदाज बांधला, तारायंत्राची लाइन टाकली आणि खालची गावं रिकामी केली. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला, गढवालचं श्रीनगर गाव वाहून गेलं, पण जवळजवळ सगळी माणसं वाचली. उरलेलं तळं १९७० मध्ये फुटलं. हिमालय अजून वर येतोय, नद्या पायथा खोल करतात आणि उतार कायम सुटायच्या बेतात असतात. सह्याद्रीत एवढी तळी होत नाहीत, पण ओढा अडणं इथेही होतं. भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं किंवा गढूळ झालं तर वर काहीतरी अडलंय.

---

चाफा

खूप खूप आभार. फळीचा प्रयोग नक्की करणार. एक शंका राहिली. आमच्या मुलांपैकी बरीच पदरातल्याच वाड्यांतून येतात. त्यांच्या वाडीच्या वर समतल चर खणायचा विचार चाललाय, झाडंही लावणार आहेत. हे योग्य आहे का? आणि मुलं घरी जाऊन काय बघू शकतील?

---

मुरूम

ताई, चर खणायच्या आधी त्यांना थांबवा, निदान तालुक्यातून भूवैज्ञानिकाची पाहणी होईपर्यंत. सलग समतल चर पाणी जिरवण्यासाठी असतात. माण-खटावसारख्या कमी पावसाच्या भागात ते सोन्यासारखे. पण जिथे तीन हजार मिलिमीटर पडतो आणि वाडीच्या डोक्यावर जाड मुरूम आहे, तिथे पाणी जिरवायचं नसतं, बाहेर काढायचं असतं. तिथे वाडीच्या वरून पाणी बाजूच्या नैसर्गिक ओढ्यात नेणारा उताराचा, दगडाने बांधलेला चर हवा, आणि तो दरवर्षी मे महिन्यात साफ व्हायला हवा. तुंबलेला चर नसलेल्या चरापेक्षा वाईट, कारण सगळं पाणी एकाच जागी फुटतं.

झाडं जरूर लावा. मुळं वरची मीटर-दीड मीटर माती बांधून ठेवतात, उथळ घसरणी कमी होतात. घसरणीचा तळ चार-पाच मीटरवर असेल तर झाडं उभीच्या उभी दरडीबरोबर खाली येतात. 'झाडं आहेत, आता भीती नाही' असं कुणी म्हणू नये.

घरामागे संरक्षक भिंत असेल तर तिची भोकं बघा. साधारण ७५ ते १०० मिलिमीटरची, मीटर-दीड मीटर अंतरावर असतात. पावसात त्यांतून पाणी येत नसेल आणि भिंतीला पोट आलं असेल तर मागे पाणी तुंबलंय. बहुतेकदा भिंतीमागे दगड-खडीचा गाळणथर न घालता नुसती माती लोटलेली असते आणि ती भोकं बुजवते. जाळीत दगड भरलेली गॅबियन भिंत इथे बरी, ती स्वतःच पाणी सोडते.

मुलांनी वाडीच्या वरच्या अंगाला अर्धचंद्राकार भेग शोधावी, जिच्या खालच्या बाजूची जमीन थोडी खचलेली असते. कललेले विजेचे खांब, अचानक अडकू लागलेली दारं, नवा फुटलेला किंवा एकाएकी आटलेला झरा, झऱ्याचं पाणी गढूळ होणं, हेही. भेग सापडली तर मोठ्या माणसांनी तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट खोल लोखंडी गज ठोकावेत, गजांच्या माथ्यावर खूण करावी आणि त्यांच्यातलं अंतर पोलादी टेपने सकाळ-संध्याकाळ मोजून तारीख, वेळ आणि पावसासह वहीत लिहावं. दोरी किंवा कापडी टेप नको, भिजून ताणली जाते. भेग चिकणमातीने ठासून वर ताडपत्री टाका, म्हणजे पाणी आत जाणार नाही. वरून सिमेंटचा लेप लावू नका. तो पुढच्या हालचालीत तडकतो, आणि तोवर लोक भेग विसरलेले असतात.

अंतर वाढत असेल, आणि आजची वाढ कालच्यापेक्षा जास्त असेल, तर पाऊस थांबायची वाट न बघता घर सोडायचं आणि जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवायचं. जाताना ओढ्याच्या वाटेने सरळ खाली पळू नये, आडवं जावं, सोंडेच्या उंचवट्याकडे. ती वाट उजेडात एकदा सगळ्या वाडीने चालून ठेवायची, म्हाताऱ्यांसकट, आणि गुरांचे दावे कोण सोडणार तेही ठरवून ठेवायचं. अनेक जण गोठ्याकडे परत फिरतात.

---

पाणलोट

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर दरडप्रवण क्षेत्राचे १:५०,००० नकाशे आहेत, त्यात वाडी शोधून बघा. मात्र या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, म्हणजे अख्खी वाडी दोन-तीन मिलिमीटरची. शिवाय माती कुठून सुटू शकते हे त्यावर दिसतं, ती वाहत कुठवर येईल हे नाही. त्यामुळे वाडी 'कमी धोका' रंगात असली तरी वरच्या ओढ्याचा माग काढत डोक्यावरचा उतार कुठल्या रंगात आहे ते आधी बघा.